रंग कशाचा, बंध कोणता : पेशीतले मोठे रेणू परीक्षानळीत कसे ओळखावेत

बटाट्याच्या फोडीवर आयोडीनचा थेंब टाकला की फोड काळीनिळी होते आणि वहीत ‘स्टार्च आहे’ अशी नोंद होते. नोंद बरोबरच आहे. पण आयोडीनला दिसला तो ग्लुकोजच्या लांब साखळीला पडलेला पोकळ पीळ. तोच ग्लुकोज सेल्युलोजच्या सरळ साखळीत असता, तर थेंब पिवळाच राहिला असता. बाकीच्या चाचण्यांचंही असंच आहे. प्रत्येक अभिकर्मक रेणूतल्या एखाद्याच बंधाला, गटाला किंवा आकाराला प्रतिसाद देतो. तो कुठला हे माहीत असलं की चाचणी कधी फसवेल हे आधीच सांगता येतं, आणि फसलीच तर चूक कुठे शोधायची तेही कळतं. खालच्या सगळ्या कृती त्याच अंगाने लिहिल्या आहेत.

एक बंध, एक पाणी

कर्बोदकं, प्रथिनं आणि न्यूक्लिइक आम्लं ही बहुवारिकं, म्हणजे लहान घटकांच्या माळा. दोन घटक जोडले जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. याला संघनन म्हणतात. ग्लुकोजचं रेणुवस्तुमान १८० आणि पाण्याचं १८, म्हणून दोन ग्लुकोज जोडून झालेलं माल्टोज ३६० चं नसतं, ३४२ चं असतं. प्रथिनांतही हाच हिशेब. प्रथिनांत आढळणाऱ्या प्रमाणात सरासरी काढली तर सुटं अमिनो आम्ल साधारण १२८ डाल्टनचं (डाल्टन हे रेणुवस्तुमानाचं एकक) भरतं, माळेत गुंफल्यावर ११० चं. तेव्हा ३०० अमिनो आम्लांचं प्रथिन म्हणजे सुमारे ३३,००० डाल्टन, त्यात अमिनो आम्लांना जोडणारे २९९ पेप्टाइड बंध, आणि ते घडताना सुटलेले पाण्याचे २९९ रेणू.

उलट दिशेची क्रिया म्हणजे जलापघटन: पाण्याचा रेणू खर्च करून बंध तोडणं. ऊर्जेच्या दृष्टीने हा उतारच आहे, तरी स्टार्च नुसत्या पाण्यात भिजवला तर त्याची साखर होत नाही, कारण क्रिया कमालीची संथ असते. तिला आम्ल आणि उष्णता द्यावी लागते, नाहीतर विकर (एन्झाइम). ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे तीनदा उपयोगी पडणार आहे.

मेद या हिशेबात अर्धवटच बसतात. ट्रायग्लिसराइडमध्ये ग्लिसरॉलला तीन मेदाम्लं जोडलेली असतात आणि तीन पाणी बाहेर पडतात, पण तिथेच काम संपतं, माळ पुढे वाढत नाही. शिवाय ‘मेद’ हा गट बंधावरून ठरलेलाच नाही. जे पाण्यात विरघळत नाही आणि सेंद्रिय द्रावकात विरघळतं ते मेद, इतकी ढिली व्याख्या. चाचणीही त्यामुळे ढिलीच आहे.

कुठल्या रेणूचा शोध सोपा जाईल याचा अंदाज पेशीच्या घडणीवरून येतो. ई. कोलाय या जिवाणूच्या वजनात सुमारे ७० टक्के पाणी असतं. उरलेल्या कोरड्या वजनात प्रथिनं जवळपास ५५ टक्के, आरएनए २० टक्के, मेद ९ टक्के आणि डीएनए जेमतेम ३ टक्के. प्रथिनाची चाचणी बहुतेक कुठेही लागू पडते आणि डीएनएसाठी मात्र ढीगभर पेशी फोडाव्या लागतात, ते यामुळेच.

नमुना तयार करताना

५ ग्रॅम नमुना खलात २० मिली पाण्यासोबत वाटून घ्या आणि मलमलच्या कापडातून गाळा. गाळलेलं द्रावण साखर आणि प्रथिनासाठी वापरायचं. स्टार्चसाठी मात्र ते पाच मिनिटं ठेवून वरचं निवळ पाणी वापरलं की हमखास घोटाळा होतो. स्टार्चचे कण थंड पाण्यात विरघळत नाहीत, ते तळाशी बसतात. म्हणून तळाचा गाळ हलवून घ्या आणि एकदा उकळा. साधारण ६० ते ७० अंशांना कण फुगून फुटतात आणि साखळ्या मोकळ्या होतात.

मेदासाठी वेगळा, कोरडा भाग राखून ठेवा. त्यात पाणी घालायचं नाही.

प्रत्येक चाचणीला तीन नळ्या लागतात: नमुन्याची, नुसत्या पाण्याची, आणि ज्यात तो पदार्थ नक्की आहे अशा द्रावणाची. कंटाळून लोक दुसरी आणि तिसरी नळी गाळतात. पण ‘फिकट जांभळा’ आणि ‘निळसर’ यांतला फरक शेजारी पाण्याची नळी असल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. आणि तिसऱ्या नळीत रंग आला नाही, तर अभिकर्मक बिघडलाय हे लगेच कळतं.

तिसऱ्या नळीसाठी १ टक्का स्टार्च असा करा: १ ग्रॅम स्टार्च ५ मिली थंड पाण्यात कालवून पातळ पेस्ट करा, ती उकळत्या ९५ मिली पाण्यात ढवळत ओता, मिनिटभर उकळा. कोरडी पूड थेट गरम पाण्यात टाकली की बाहेरून चिकट आणि आतून कोरड्या गुठळ्या होतात. हे द्रावण दोनतीन दिवसांत आंबतं, म्हणून ताजं करावं.

आयोडीन: पीळ आहे का?

१ ग्रॅम आयोडीन, २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, ३०० मिली पाणी. क्रम महत्त्वाचा: आधी पोटॅशियम आयोडाइड थोड्याशा, म्हणजे ५ ते १० मिली पाण्यात विरघळवा, त्यात आयोडीन घालून पूर्ण विरघळू द्या, मगच पाणी वाढवा. आयोडीन नुसत्या पाण्यात लिटरला जेमतेम ०.३ ग्रॅम विरघळतं. आयोडाइडबरोबर त्याचा ट्रायआयोडाइड आयन बनतो आणि तो सहज विरघळतो. आधीच सगळं पाणी ओतलं तर तळाशी काळे स्फटिक तासन्‌तास तसेच राहतात. बाटली तपकिरी काचेची घ्या.

२ मिली थंड नमुन्यात दोन थेंब टाका. ‘थंड’ हा शब्द उगाच नाही. स्टार्चचा अमायलोज हा भाग मळसूत्रासारखा वळलेला असतो, एका वेढ्यात सहा ग्लुकोज. आतल्या पोकळीत आयोडीनचे अणू रांगेने बसतात आणि त्या रांगेमुळे गडद निळा रंग येतो. नळी तापवली की पीळ सैल होतो, आयोडीन सुटतं आणि रंग नाहीसा होतो. थंड केली की रंग परत येतो. नुकत्याच उकळलेल्या नमुन्यावर चाचणी घेऊन ‘स्टार्च नाही’ असं लिहिलं जातं ते इथेच.

स्टार्चचा उरलेला ७० ते ८० टक्के भाग अमायलोपेक्टिनचा. त्याला साधारण २४ ते ३० ग्लुकोजनंतर एक फांदी फुटते, त्यामुळे सलग पीळ आखूड पडतो आणि रंग जांभळट-तांबूस येतो. ग्लायकोजेनला ८ ते १२ ग्लुकोजनंतरच फांदी असते, म्हणून तिथे नुसता लालसर तपकिरी. रंगाची छटा म्हणजे पिळाची लांबी, असं वाचता येतं.

फसवणाऱ्या गोष्टी दोन. द्रावण अल्कधर्मी असेल तर आयोडीन स्वतःच आयोडाइड आणि आयोडेटमध्ये बदलतं आणि रंग येण्याआधीच संपतं. नमुन्यात क जीवनसत्त्व भरपूर असेल तर ते आयोडीनचं क्षपण करतं, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन आयोडाइड करतं: थेंब पडतो, क्षणभर निळा डाग उठतो आणि विरघळून जातो. असं दिसलं की आणखी थेंब टाकत राहा. क जीवनसत्त्व संपलं की निळा रंग टिकतो.

बेनेडिक्ट: मोकळं टोक आहे का?

अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्ट यांच्या नावाचा हा अभिकर्मक. १ लिटरसाठी १७३ ग्रॅम सोडियम सायट्रेट आणि १०० ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट ८०० मिली गरम पाण्यात विरघळवून गाळा. १७.३ ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) वेगळ्या १०० मिली पाण्यात विरघळवा. मोरचुदाचं द्रावण पहिल्यात सावकाश, ढवळत ओता आणि लिटरपर्यंत पाणी भरा. कार्बोनेट अल्कधर्मिता देतं. तांबं अल्कधर्मी पाण्यात साका होऊन बसेल, म्हणून त्याला धरून ठेवायला सायट्रेट.

कृती: २ मिली अभिकर्मक, त्यात ८ थेंब नमुना. नळी उकळत्या पाण्याच्या भांड्यात ५ मिनिटं ठेवा. थेट ज्योतीवर धरली तर द्रावण उसळून बाहेर उडतं, आणि ते अल्कधर्मी असतं. क्षपणकारी साखर असेल तर हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी अशा क्रमाने रंग चढतो. विटकरी साका म्हणजे क्युप्रस ऑक्साइड. थोड्या साखरेतला हिरवा रंग हा वेगळा पदार्थ नसतो. न बदललेला निळा आणि थोडासा पिवळा-लाल साका एकत्र दिसतात, इतकंच. नळी थोडा वेळ ठेवली तर साका खाली बसतो आणि वर निळं पाणी दिसतं.

हा अभिकर्मक शोधतो ते साखरेचं मोकळं टोक. पाण्यातला ग्लुकोज जवळजवळ सगळा वलयाच्या रूपात असतो, उघडी साखळी एका टक्क्याहूनही खूप कमी. पण आल्डिहाइड गट उघड्या साखळीतच असतो. तांबं तो खाऊन टाकतं, तशी आणखी वलयं उघडतात आणि शेवटी सगळी साखर कामी येते. फ्रुक्टोजमध्ये आल्डिहाइड नसतो, कीटोन असतो, तरी चाचणी सकारात्मक येते, कारण अल्कधर्मी द्रावणात त्याची रचना बदलून तोही क्षपण करू शकतो.

सुक्रोज म्हणजे नेहमीची साखर. ती इथे निळीच राहते. तिच्यात ग्लुकोजचा पहिला आणि फ्रुक्टोजचा दुसरा कार्बन एकमेकांनाच जोडलेले, त्यामुळे दोन्हींची उघडणारी टोकं बंधातच अडकली. माल्टोज आणि लॅक्टोज यांत एक टोक मोकळं राहतं, म्हणून ते रंग देतात. मग स्टार्च का देत नाही? त्यालाही एक मोकळं टोक असतंच. पण हजार ग्लुकोजमागे एक टोक डोळ्यांना दिसण्याइतका साका देत नाही.

सुक्रोज दाखवायची असेल तर आधी बंध तोडा:

१. २ मिली नमुन्यात विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे ४-५ थेंब टाका, उकळत्या पाण्यात ५ मिनिटं ठेवा.
२. थंड करा. सोडियम बायकार्बोनेट चिमूट-चिमूट घाला, फसफस थांबेपर्यंत.
३. आता बेनेडिक्ट घालून पुन्हा ५ मिनिटं उकळा.

सगळ्यात जास्त चुका दुसऱ्या पायरीवर होतात. आम्ल तसंच राहिलं तर ते अभिकर्मकातलं कार्बोनेट संपवतं, अल्कधर्मिता जाते आणि भरपूर ग्लुकोज असूनही नळी निळी राहते. एकदम चमचाभर बायकार्बोनेट ओतलं तर फेस नळीबाहेर येतो आणि नमुना जातो. आणि मूळ नमुना आम्लाशिवाय तपासलेला असल्याखेरीज या निकालाला अर्थ नाही. ‘आधी निळा, आम्लानंतर विटकरी’ ही जोडी म्हणजे पुरावा.

क जीवनसत्त्वही तांब्याचं क्षपण करतं हे इथेही विसरू नका. आंबट फळांच्या रसातला हलका रंग एकट्या साखरेच्या नावावर मांडता येत नाही.

एकच साखळी तुटताना पाहायची असेल तर

वरच्या दोन्ही चाचण्या एकत्र आणणारा हा प्रयोग वेळ काढून करण्यासारखा आहे. १ टक्का स्टार्चचं ५ मिली द्रावण ३७ अंशांच्या पाण्यात ठेवा. एक भाग लाळ दहा भाग पाण्यात पातळ करून तिचं १ मिली त्यात घाला आणि घड्याळ सुरू करा. पांढऱ्या टाइलवर आयोडीनचे थेंब आधीच रांगेने मांडून ठेवा. दर ३० सेकंदांनी मिश्रणाचा एक थेंब पुढच्या आयोडीनच्या थेंबात सोडा.

पहिले थेंब निळेकाळे. मग जांभळे, मग तांबूस तपकिरी, आणि शेवटी आयोडीनचा मूळ पिवळा. लाळेतलं अमायलेज साखळी मधूनमधून कापत जातं, पीळ आखूड होत जातो, आणि ते आखूड होणं टाइलवर रंगांच्या रांगेत उमटतं. त्याच वेळी प्रत्येक कापाबरोबर एक नवं मोकळं टोक तयार होतं. म्हणून सुरुवातीच्या मिश्रणावर बेनेडिक्ट निळा राहतो आणि शेवटच्या मिश्रणावर विटकरी होतो. एक चाचणी विझते तशी दुसरी पेटते.

रंग दहा मिनिटांतही बदलला नाही तर आधी तापमान पाहा. स्टार्च उकळून लगेच लाळ घातली असेल तर विकर तिथेच निकामी झालं. रंग पहिल्याच थेंबाला गेला तर लाळ आणखी पातळ करा. अमायलेज पीएच ६.८ च्या आसपास उत्तम चालतं आणि त्याला क्लोराइड आयन लागतात, म्हणून ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात पातळ केलेलं बरं. फांद्यांच्या सांध्यावरचे बंध हे विकर तोडू शकत नाही, त्यामुळे सगळा स्टार्च माल्टोज होत नाही, फांदीचे लहान तुकडे शिल्लक राहतात.

हाच प्रयोग सेल्युलोजवर केला तर काहीच घडत नाही. तिथला बंध बीटा प्रकारचा. एका कार्बनवरची बंधाची दिशा तेवढी उलटी, आणि विकराच्या खाचेत तो बसतच नाही.

बाययुरेट: सलग पेप्टाइड बंध आहेत का?

नाव फसवं आहे. या अभिकर्मकात बाययुरेट नसतं. युरिया तापवल्यावर मिळणारं बाययुरेट हे संयुग तांब्याबरोबर असाच जांभळा रंग देतं, म्हणून चाचणीला ते नाव पडलं.

झटपट पद्धत: २ मिली नमुना, २ मिली १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड, हलवा. मग १ टक्का मोरचुदाचे दोन-तीन थेंब, पुन्हा हलवा, पाच मिनिटं थांबा. तापवायचं नाही. अल्कधर्मी द्रावणात पेप्टाइड बंधातल्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन निघतो आणि चार नायट्रोजन मिळून तांब्याच्या आयनाला चहूबाजूंनी धरतात. तोच जांभळा रंग. त्यासाठी शेजारीशेजारी किमान दोन पेप्टाइड बंध हवेत. सुटी अमिनो आम्लं आणि दोन अमिनो आम्लांचे तुकडे यांना ही चाचणी आंधळी आहे (सुटं हिस्टिडीन हा अपवाद). आखूड पेप्टाइडांना जांभळ्याऐवजी गुलाबी छटा येते.

म्हणजे प्रथिन पूर्ण पचून अमिनो आम्लं झाली की बाययुरेट नकारात्मक, जरी वस्तुमान सगळं तिथेच असलं तरी. तिथे निनहायड्रिन वापरा. ते सुट्या अमिनो गटाला जांभळा रंग देतं, प्रोलीनला पिवळा. बोटांच्या घामातही अमिनो आम्लं असतात, तेव्हा कागदावर निनहायड्रिन मारण्याआधी हातमोजे घाला, नाहीतर आपलेच ठसे उमटतील.

बाययुरेटमधली नेहमीची चूक म्हणजे मोरचूद जास्त पडणं. मग निळा कॉपर हायड्रॉक्साइड गोळा होतो आणि जांभळा रंग त्याखाली दडतो. दुसरी अडचण अमोनियम क्षारांची. प्रथिन अमोनियम सल्फेटने साका करून मिळवलेलं असेल तर अमोनिया तांब्याशी स्वतःच गडद निळा रंग देतो. असा नमुना आधी डायलिसिस करून, म्हणजे सूक्ष्मछिद्री पटलातून क्षार बाहेर जाऊ देऊन, घ्यावा.

अंड्याचा पांढरा बलक तुलनेसाठी उत्तम, त्यात सुमारे १० टक्के प्रथिन असतं. पण तो नुसत्या पाण्यात पातळ केला की पांढरे धागे तरंगू लागतात, कारण त्यातली काही प्रथिनं विरघळायला थोडे क्षार मागतात. ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात १:२० पातळ करून कापडातून गाळा.

मोजमाप करायचं असेल तर तयार मिश्रण बरं: १.५ ग्रॅम मोरचूद आणि ६ ग्रॅम सोडियम पोटॅशियम टार्ट्रेट ५०० मिली पाण्यात, त्यात ढवळत ३०० मिली १० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड, मग लिटरपर्यंत पाणी. ही १९४९ साली प्रसिद्ध झालेली कृती आजही चालते. टार्ट्रेट तांब्याला धरून ठेवतं, त्यामुळे थेंब मोजण्याची कटकट जाते. १ मिली नमुना, ४ मिली मिश्रण, ३० मिनिटं, आणि ५४० नॅनोमीटरवर शोषण मोजा. अल्ब्युमिनच्या १ ते १० मिलिग्रॅम प्रति मिली द्रावणांवरून आलेख काढा. बाटली प्लास्टिकची ठेवा, आणि तळाशी लालसर-काळा साका दिसला की मिश्रण फेकून द्या.

याहून विरळ नमुन्यासाठी १९७६ ची ब्रॅडफर्ड पद्धत आहे, कुमासी रंग आणि ५९५ नॅनोमीटर. ती मुख्यतः आर्जिनीन या अमिनो आम्लाकडे पाहते आणि डिटर्जंटने गडबडते. २८० नॅनोमीटरचं थेट शोषण ट्रिप्टोफॅन आणि टायरोसीन या अमिनो आम्लांकडे पाहतं. जिलेटिनमध्ये ट्रिप्टोफॅन नसतंच आणि टायरोसीन अगदी थोडं, म्हणून तेच द्रावण बाययुरेटला गडद जांभळं दिसतं आणि २८० वर जवळपास रिकामं. दोन पद्धतींचे आकडे जुळले नाहीत तर यंत्राला दोष देण्याआधी प्रथिन कुठलं आहे ते विचारा.

मेद: विरघळण्यावरून ओळख

कोरडी नळी घ्या. कोरडा, कुटलेला नमुना चिमूटभर, २ मिली ९५ टक्के इथेनॉल, मिनिटभर जोरात हलवा, कण खाली बसू द्या. वरचं निवळ द्रावण दुसऱ्या नळीतल्या २ मिली थंड पाण्यात ओता. दुधाळ ढग दिसला तर मेद आहे. इथेनॉलमध्ये विरघळलेला मेद पाण्यात शिरताच बाहेर फेकला जातो आणि त्याचे बारीक थेंब प्रकाश विखुरतात. पहिली नळी ओली असेल तर मेद इथेनॉलमध्ये नीट उतरतच नाही. गाळ दुसऱ्या नळीत गेला तर गढूळपणा कशाचा हे कळत नाही. इथेनॉल पेट घेतं, तेव्हा जवळ ज्योत नको.

ढग दिसला म्हणजे ग्लिसरॉल आणि मेदाम्लांना जोडणारा एस्टर बंध सापडला असं मात्र नाही. सुगंधी तेलं आणि राळही असाच ढग देतात. बंधाचीच खात्री हवी असेल तर साबणीकरण करा, म्हणजे अल्कने एस्टर तोडून साबण बनवा: २ मिली तेल, ५ मिली इथेनॉल, ५ मिली २० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड, गरम पाण्याच्या भांड्यात २० मिनिटं. एक थेंब पाण्यात टाकून पाहा. तेलाचे डोळे तरंगले तर अजून वेळ आहे. पूर्ण झालं की मिश्रण पाण्यात फेसाळतं, आणि त्यात आम्ल घातल्यावर मेदाम्लं वर येऊन तरंगतात. खनिज तेल किंवा कोलेस्टेरॉल यांत हे घडणार नाही, तोडायला एस्टरच नाही.

यातून रेणूचा आकारही निघतो. ट्रायोलीनचं रेणुवस्तुमान ८८५. त्याला पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे तीन मोल, म्हणजे १६८.३ ग्रॅम लागतात. ग्रॅममागे १९० मिलिग्रॅम. मेदाम्लं आखूड असतील तर एका ग्रॅममध्ये एस्टर जास्त, म्हणून हा आकडा चढतो.

न्यूक्लिइक आम्लं: धागे, आणि धाग्यांची खात्री

फ्रीडरिश मीशर यांनी १८६९ मध्ये ट्युबिंगेन इथे मलमपट्टीवरच्या पुवातल्या पांढऱ्या पेशींपासून हा पदार्थ पहिल्यांदा वेगळा केला आणि त्याला न्यूक्लीन म्हटलं. आज कांदा किंवा स्ट्रॉबेरी पुरते. लागवडीच्या स्ट्रॉबेरीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, त्यामुळे धागे भरघोस येतात.

१. ९० मिली पाण्यात ३ ग्रॅम मीठ आणि १० मिली भांडी घासायचा द्रव साबण मिसळा. फेस करू नका.
२. त्यात बारीक चिरलेला एक कांदा घालून ६० अंशांच्या पाण्यात १५ मिनिटं ठेवा, मग ५ मिनिटं बर्फात.
३. मिक्सरमध्ये फक्त ५ सेकंद फिरवा, गाळण कागदातून गाळा.
४. गाळलेलं १० मिली उंच नळीत घ्या. बर्फासारखं थंड ९५ टक्के इथेनॉल नळी तिरपी धरून कडेने सोडा, तितकंच किंवा दुप्पट. दोन थर वेगळे दिसले पाहिजेत.
५. पाच-दहा मिनिटं हलवू नका. थरांच्या सीमेवर पांढरे धागे जमतील. काचेच्या कांडीवर एकाच दिशेने गुंडाळा.

साबण पेशीपटल आणि केंद्रकपटलातले मेद विस्कटतो. मिठातले सोडियम आयन डीएनएच्या कण्यावरच्या फॉस्फेटांचे ऋणभार झाकतात, नाहीतर धागे एकमेकांना दूर ढकलत राहिले असते. इथेनॉल आल्यावर पाण्याची ते भार वेगळे राखण्याची ताकद कमी होते आणि धागे एकत्र येऊन बाहेर पडतात. म्हणून मीठ विसरलं तर कितीही थंड इथेनॉल ओता, नळी स्वच्छच राहते. ६० अंशांची उष्णता डीएनए कापणाऱ्या विकरांना मंदावते, पण तासभर ठेवली तर डीएनएलाही इजा होते. मिक्सर अर्धा मिनिट चालला तर लांब रेणूंचे तुकडे पडतात आणि धाग्यांऐवजी भुरभुरीत ढग मिळतो.

कांडीवरचा गुंता नुसता डीएनए नाही. त्यात आरएनए, थोडी प्रथिनं आणि वनस्पतीचं पेक्टिनही असतं. पेक्टिन बुडबुडे धरून जेलीसारखं वर येतं आणि पुष्कळदा तेच ‘भरपूर डीएनए’ म्हणून मिरवलं जातं. खात्री डायफिनिलअमीनने करायची: १ ग्रॅम डायफिनिलअमीन १०० मिली शुद्ध ॲसेटिक आम्लात, त्यात २.५ मिली संहत सल्फ्युरिक आम्ल. हे धूर-कपाटातच, चष्मा आणि हातमोजे घालून. धागे थोड्या पाण्यात विरघळवा, १ मिलीला २ मिली अभिकर्मक, उकळत्या पाण्यात १० मिनिटं. निळा रंग म्हणजे डीऑक्सिरायबोज. आम्लात प्यूरिन बेस सहज गळून पडतात आणि मोकळी झालेली ती साखर रंग देते. आरएनएतल्या रायबोजला हा निळा रंग येत नाही.

स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर २६० नॅनोमीटरला शोषण १ म्हणजे दुपेडी डीएनए मिलीला ५० मायक्रोग्रॅम, आरएनए असेल तर ४०. २६० आणि २८० चं गुणोत्तर १.८ च्या आसपास आलं तर डीएनए बरा आहे, २ च्या जवळ आलं तर आरएनए मिसळलंय, १.८ च्या बरंच खाली गेलं तर प्रथिन शिल्लक आहे. आरएनए घालवायला रसायनातलाच एक फरक कामी येतो. रायबोजच्या दुसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट असतो आणि अल्कधर्मी द्रावणात तो शेजारच्याच फॉस्फेट बंधावर हल्ला करतो. ०.३ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ३७ अंशांना रात्रभर ठेवलं तर आरएनएचे सुटे न्यूक्लिओटाइड होतात. डीएनएचे पेड सुटे होतात, पण साखळी टिकते.

दूध नावाचा अवघड नमुना

सगळ्या चाचण्या एकाच नमुन्यावर लावून पाहायच्या तर दूध घ्या. आयोडीन पिवळंच राहील. राहिलं नाही तर दुधात कुणीतरी स्टार्च घातलाय. बेनेडिक्ट विटकरी होईल, लॅक्टोजमुळे. आम्लाच्या जलापघटनासाठी मात्र दूध सरळ वापरू नका. आम्ल पडताच केसीन फाटतं आणि दह्यासारखे गोळे होतात, ते गाळून उरलेलं पाणी वापरा. बाययुरेटचा जांभळा रंग दुधाच्या पांढऱ्यात फिकट दिसतो, म्हणून १:१० पातळ करून पाण्याच्या नळीऐवजी, मोरचूद न घातलेल्या पातळ दुधाच्या नळीशी तुलना करा. आणि मेदाच्या ढगाच्या (इमल्शन) चाचणीत खरी गंमत: दूध स्वतःच इमल्शन, म्हणजे पाण्यात पसरलेले मेदाचे बारीक थेंब, आहे, त्यामुळे पाण्यात ओतल्यावर दिसणारा पांढरेपणा काहीच सिद्ध करत नाही. १ मिली दुधात ४ मिली इथेनॉल घालून हलवा, साकळलेलं प्रथिन गाळून टाका, आणि तो पूर्णपणे निवळ झालेला द्रव पाण्यात ओता. आता ढग आला तर तो मेदाचाच.